दारावरचं स्टिकर आधी वाचा: ट्रेलर ओढायला आणि रोज चालवायला पिकअप कसा निवडावा

आमच्या मंडळाच्या ढोल पथकाकडे चाळीस ढोल, दहा ताशे, ध्वज आणि हे सगळं ठेवायला एक बंदिस्त ट्रेलर आहे. तो ट्रेलर ओढणार कोण, हा प्रश्न दर जुलैमध्ये निघतो. मग ज्याच्याकडे पिकअप आहे त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. गेली काही वर्षं त्या माझ्याकडे वळतात. त्यामुळेच असेल, अमेरिकेत आमच्या डेन्व्हरच्या आसपास कुणा मराठी माणसाच्या डोक्यात ट्रक घ्यायचं आलं की फोन मला येतो: "कुठला घेऊ रे?"

मी उलट तीन प्रश्न विचारतो. काय ओढणार? वर्षातून किती वेळा? आणि गॅरेज किती लांब आहे? विचारणारा जरा हिरमुसतो, कारण त्याला कंपनीचं नाव हवं असतं. पण या तीन उत्तरांशिवाय कंपनीचं नाव सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल देणं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिला ट्रक घेताना मी माहितीपत्रकातला एकच आकडा बघितला होता: ११,००० पौंड ओढतो. आमचा कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं फिरतं घर) पूर्ण भरून ६,८०० पौंडांचा. म्हटलं, चार हजार पौंड शिल्लक आहेत, आणखी काय पाहिजे? पहिल्या मोठ्या सफरीला निघालो तर ट्रकचं बूड खाली, नाक वर. रात्री समोरून येणारे ड्रायव्हर हेडलाइट मारून शिव्या घालत होते. ट्रकचं इंजिन अजिबात कुरकुरत नव्हतं. चूक ओढण्याच्या ताकदीत नव्हतीच, चूक पाठीवरच्या ओझ्यात होती.

आधी ट्रेलरचं खरं वजन

ट्रकच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी काय ओढायचं ते ठरवा. अजून ट्रेलर घेतला नसेल तर निदान प्रकार ठरवा. विक्रेता जे 'ड्राय वेट' सांगतो ते विसरून जा. ते रिकाम्या डब्याचं वजन असतं. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, बहुतेक वेळा बॅटरीही नाही. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड भरतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच वाढले. त्यात आपली माणसं कॅम्पिंगला जाताना कुकर, तवा, पोळपाट आणि दहा किलो कणीक घेतल्याशिवाय निघत नाहीत.

ट्रेलरच्या पुढच्या डाव्या बाजूला एक पाटी असते. तिच्यावर 'जीव्हीडब्ल्यूआर' या अक्षरांपुढे जो आकडा असतो, ते त्या ट्रेलरचं भरल्यानंतरचं कमाल वजन. हिशोब नेहमी त्याच आकड्यावर करा. कमी भरेल तर चांगलंच.

आमच्या पथकाचा ट्रेलर सहा बाय बारा फुटांचा, एका आसाचा आहे. त्याच्या पाटीवर २,९९० पौंड लिहिलं आहे. असे ट्रेलर बरोबर २,९९० वरच का थांबतात याचं मला आधी कोडं पडलं होतं. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणून बनवणारे दहा पौंड अलीकडेच थांबतात. कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी ही मर्यादा १,५०० पौंडांवरच येते, तेव्हा आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. आमचा रिकामा ट्रेलर १,५०० च्या जवळपास. एक ढोल सरासरी आठ किलोचा धरला तर चाळीस ढोलांचे झाले ७०० पौंड. ताशे, ध्वज, पाण्याच्या बाटल्या, स्पीकर धरून आणखी ३००. म्हणजे अख्खं पथक २,५०० पौंडांत बसतं. एवढ्यासाठी मोठा ट्रक लागत नाही, हे मी मंडळात अजून मोठ्याने बोललेलो नाही. बोललो तर पुढच्या वर्षी कोण ओढणार यावर नवी बैठक लागेल.

दोन आसांचा सात बाय चौदाचा बंदिस्त ट्रेलर मात्र ७,००० पौंडांपर्यंत जातो. चौघांच्या कुटुंबाचा बावीस-पंचवीस फुटी कॅम्पर साधारण ६,००० ते ७,५०० मध्ये येतो. बोट घेणार असाल तर बोट, तिचा ट्रेलर, इंजिन आणि टाकीतलं पेट्रोल या सगळ्याची बेरीज करा. बोटीच्या जाहिरातीत बहुधा फक्त बोटीचं वजन असतं.

दारावरचा पिवळा-पांढरा कागद

आता मुख्य गोष्ट. ट्रकच्या ड्रायव्हरचं दार उघडा. खांबाच्या आतल्या बाजूला टायरच्या हवेची माहिती देणारं स्टिकर दिसेल. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा म्हणजे पेलोड. तो त्याच एका ट्रकचा असतो, त्या मॉडेलचा नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या, त्याच नावाच्या ट्रकचा आकडा ४०० पौंडांनी वेगळा असू शकतो.

याचं कारण साधं आहे. ट्रकने एकूण किती वजन पेलायचं याला कंपनीने छत घातलेलं असतं. काचेचं मोठं छप्पर, आपोआप खाली येणारी पायरी, बावीस इंची चाकं, मालिश करणाऱ्या सीट, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, हे सगळं त्याच छताखाली बसवायचं असतं. ट्रक जितका ऐटबाज, तितकं तुमच्या सामानासाठी कमी उरतं. एकाच एफ-१५० मध्ये हा आकडा १,३०० पासून २,००० च्या पुढेपर्यंत सापडतो. महाग ट्रक जास्त ओझं उचलणार असं आपल्याला वाटतं, आणि घडतं नेमकं उलटं.

ट्रेलर ओढताना पेलोड कशाला लागतं? ट्रेलर काही नुसता मागे घरंगळत येत नाही. त्याचं जू, म्हणजे पुढचा दांडा, ट्रकच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडावर) टेकलेलं असतं आणि ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार तिथे खाली दाबतो. याला 'टंग वेट' म्हणतात. बैलगाडी जुंपलेली पाहिली असेल तर चटकन समजेल: ओढ वेगळी आणि मानेवरचा भार वेगळा. गाडीत धान्याची पोती मागे लादली तर जू वर उचललं जातं, पुढे लादली तर बैलाची मान मोडते. हा भार १० टक्क्यांच्या खाली गेला तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, म्हणून तो कमी करून हिशोब जुळवायचा नाही.

माझ्या पहिल्या ट्रकचा हिशोब मांडून दाखवतो. स्टिकरवर १,३९० पौंड होते. कॅम्पर त्या सफरीत ६,३०० पौंडांचा भरला होता. त्याचे १३ टक्के म्हणजे ८१९. वजन वाटून देणारी हिच स्वतः ९० पौंडांची. आम्ही दोघं ३२०, दोन मुलं १५०. मागच्या बेडमध्ये, म्हणजे सामानाच्या उघड्या हौद्यात, जनरेटर, बर्फाची पेटी, सायकली, अवजारं मिळून २००. बेरीज १,५७९. म्हणजे १८९ पौंड जास्त. ओढण्याच्या ११,००० पैकी साडेचार हजारांहून जास्त शिल्लक असताना पेलोड संपून वर उधारी झाली होती. बहुतेकांचं असंच होतं. ओढायची ताकद कधी संपत नाही, पेलोड आधी संपतो.

हा हिशोब करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भरलेल्या टाकीतलं इंधन स्टिकरच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं, ते पुन्हा मोजू नका. पण ड्रायव्हर धरलेला नसतो, तो मोजा. आणि स्टिकर कारखान्यात लागल्यानंतर कुणी बेडला झाकण, पायऱ्या, अवजारांची पेटी बसवली असेल तर तेवढे पौंड स्वतः वजा करा.

आमच्यासारख्या चौकोनी कुटुंबाला आणि ६,८०० पौंडी कॅम्परला १,७०० च्या खालचं स्टिकर नको. माझ्या आत्ताच्या ट्रकवर १,८४० आहे. मॉडेल तेच, फक्त दोन पायऱ्या खालचं. कापडी सीट, अठरा इंची चाकं. बायको म्हणाली, "साधाच घ्यायचा होता तर आधी का नाही घेतला?" उत्तर नव्हतं.

मग माहितीपत्रकातला आकडा खोटा का?

खोटा नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा छापायची. आता जे२८०७ नावाचं एक समान मापदंड आहे. टोयोटाने तो २०११ च्या मॉडेलपासून स्वीकारला, बाकीच्या मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आल्या. त्यातली एक कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर असते: साडेअकरा मैलांच्या आसपास चढण, कडक ऊन, एसी पूर्ण सुरू, आणि मागे दोनच चाकं असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. परीक्षा कठीणच आहे.

गोम अशी की त्या परीक्षेत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं बसलेली धरतात आणि थोडंसं जोडसामान. मुलं नाहीत, सायकली नाहीत, जनरेटर नाही. आणि जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा त्या मॉडेलच्या एका विशिष्ट जुळणीचा असतो: अमुक इंजिन, तमुक आस, दोनच चाकांना ताकद, साधी केबिन. तुमच्यासमोर उभा असलेला ट्रक बहुधा ती जुळणी नसतो.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रक सांगत नाही, पण कंपनीची टोइंगची (ट्रेलर ओढण्याची) पुस्तिका सांगते: ट्रेलरची समोरची बाजू किती चौरस फुटांची आहे. वारा वजनाला विचारत नाही. ६,००० पौंडांची निमुळती बोट आणि तितक्याच वजनाचा भिंतीसारखा कॅम्पर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वायोमिंगच्या वाऱ्यात आय-८० वर एकदा कॅम्पर ओढा, पुन्हा कुणी सांगायची गरज राहत नाही.

किती मोठा ट्रक?

छोट्यापासून सुरू करू. फोर्ड मॅव्हरिक साधारण २,००० पौंड ओढतो आणि टोइंगचं पॅकेज घेतलं तर ४,०००. लांबी पावणेसतरा फुटांच्या आत, हायब्रिड घेतला तर शहरात पेट्रोलही कमी पितो. वर्षातून चार वेळा ढोलांचा ट्रेलर, एखादी लहान बोट, होम डेपोतून माती-खत, एवढीच गरज असेल तर यापुढे जायचं कारण नाही. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना खरं तर हाच पुरला असता.

मधल्या आकारात टोयोटा टॅकोमा (कमाल ६,५०० पौंड), फोर्ड रेंजर (७,५००), शेव्हरोले कोलोरॅडो (७,७००), होंडा रिजलाइन (५,०००) आणि निसान फ्रंटियर. या वर्गात आकडे मोहात पाडतात. ६,५०० ओढतो म्हणून ६,००० चा कॅम्पर कुणी टॅकोमाला जोडतो, आणि पेलोड बघितला तर १,२०० च्या आसपास. सहा हजाराचा टंग वेटच आठशे. नवरा-बायको बसले की संपलं, पोरांना बसने पाठवा. मधला आकार ४,००० ते ४,५०० पर्यंतच्या ट्रेलरला छान. रिजलाइनबद्दल ट्रकवाले नाक मुरडतात, पण रोज ऑफिसला जायला आणि मागच्या सीटवर आईवडिलांना बसवायला तिच्याइतकी मऊ चाल या वर्गात दुसऱ्या कुणाची नाही.

भारतातून आलेले वडील हमखास विचारतात, "इथे हायलक्स का दिसत नाही?" १९६४ पासून अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात कर ठेवला आहे. युरोपाने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला त्याचं ते उत्तर होतं. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर राहिला.

त्यापुढे ज्याला इथे 'हाफ टन' म्हणतात तो वर्ग: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, राम १५००, टोयोटा टुंड्रा. नावातल्या अर्ध्या टनाचा आजच्या पेलोडशी संबंध उरलेला नाही. कुटुंब आणि ७,००० पौंडांपर्यंतचा कॅम्पर यांसाठी हाच वर्ग. फक्त स्टिकर बघून निवडायचा. रामच्या मागच्या आसाला स्प्रिंगच्या पट्ट्यांऐवजी कॉइल आहेत, त्यामुळे रिकामा चालवताना कमी आपटतो.

ट्रेलर ८,०००-९,००० च्या पुढे गेला, किंवा ज्याचा जोड बेडमध्ये बसतो तो 'फिफ्थ व्हील' ट्रेलर घ्यायचा असेल, तर २५०० किंवा एफ-२५० च्या वर्गात जा. फिफ्थ व्हीलचा भार १५ ते २५ टक्के असतो. या वर्गात एक सापळा आहे. डिझेल इंजिन शेकडो पौंडांनी जड असतं, त्यामुळे चकचकीत डिझेल एफ-२५० चा पेलोड साध्या पेट्रोल एफ-२५० पेक्षा बराच कमी निघू शकतो. शिवाय ८,५०० पौंडांच्या वरच्या वाहनांच्या काचेवर मायलेज छापण्याची सक्ती नाही. म्हणजे किती पितो ते घेतल्यावर कळतं.

इंजिन, आस आणि आपला डोंगर

सपाट टेक्सासात राहणाऱ्याने हा भाग भरभर वाचला तरी चालेल. आमच्यासारख्यांनी नाही. साधं, टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंप) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत टर्बो नसलेल्या आठ सिलिंडरी व्ही-८ ची तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास ताकद हवेत विरलेली असते. टर्बो इंजिनाला हा फटका फार कमी बसतो. व्ही-८ चा आवाज मलाही आवडतो, पण त्या चढावर मी टर्बो व्ही-६ मध्ये बसलेलो बरा.

आसाचं गुणोत्तर (चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते) विचारायला लाजू नका. ३.२१, ३.५५, ३.७३, ३.९२ असे आकडे येतात. मोठा आकडा ओढायला चांगला, लहान आकडा रिकाम्या रस्त्यावर पेट्रोल वाचवायला. त्याच इंजिनाचा, त्याच रंगाचा ट्रक केवळ या एका आकड्यामुळे हजारो पौंड कमी ओढतो. या आकड्यांत ३.५५ हा बरा मध्यम मार्ग.

चढापेक्षा उताराची काळजी जास्त करा. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इथेही तेच. ट्रकचं 'टो-हॉल' बटण दाबलं की गिअरबॉक्स हे काम थोडंफार स्वतः करतो. सहा-सात टक्के उतारावर सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि मग दाबूनही लागत नाहीत.

विजेचा ट्रक? ओढतो उत्तम, आवाज नाही, चढावर कुरकुर नाही. पण मोठा कॅम्पर जोडला की पल्ला निम्म्यावर येतो. त्यातून बरीचशी चार्जिंगची ठिकाणं ट्रेलरसकट आत शिरता येतील अशी नसतात. आधी ट्रेलर सोडा, चार्ज करा, परत जोडा. गावातल्या गावात ढोल नेणार असाल तर उत्तम. येलोस्टोनला कॅम्पर न्यायचा असेल तर अजून थांबा. पेट्रोलच्या ट्रकमध्येही टाकीचा आकार बघा. रिकामा २० देणारा माझा ट्रक कॅम्पर जोडल्यावर गॅलनला नऊ-साडेनऊवर येतो. २३ गॅलनची टाकी म्हणजे जेमतेम २१० मैल, ३६ गॅलनची म्हणजे ३४०. पोरं मागे झोपलेली असताना हा फरक फार मोठा वाटतो.

टोइंगचं पॅकेज कारखान्यातूनच घ्या

विक्रेता म्हणेल, "हिच आम्ही इथेच लावून देतो." हिच लावणं म्हणजे टोइंग पॅकेज नव्हे. कारखान्याच्या पॅकेजमध्ये जास्त थंडावा देणारे कूलर, योग्य आस, सात पिनांचा प्लग आणि डॅशबोर्डवर ट्रेलरच्या ब्रेकचं नियंत्रण असं बरंच काही येऊ शकतं. नेमकं काय येतं ते लेखी विचारा. चार पिनांचा प्लग फक्त दिवे लावतो. ट्रेलरचे ब्रेक चालवायला सात पिनांचा लागतो.

हिचच्या खालीही एक स्टिकर असतं, तेही वाचा. अनेक हाफ टन ट्रकवर ५,००० पौंडांपर्यंतच साधा चेंडू चालतो. त्यापुढे वजन वाटून देणारी हिच लागते. ही हिच लोखंडी दांड्यांच्या ताणाने मागचा काही भार ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसांवर ढकलते. माझ्या ट्रकचं वर गेलेलं नाक तिनेच खाली आणलं, पण ती नीट बसवून घेतल्यावर. पहिल्या सफरीत ती होती, फक्त दांड्यांचा ताण अंदाजाने लावलेला होता. आणि हेही सांगतो, या हिचने स्टिकरवरचा पेलोड वाढत नाही.

उरलेले ३४० दिवस

ट्रेलर वर्षातून वीस-पंचवीस दिवस मागे असतो. बाकीचे दिवस तोच ट्रक घेऊन ऑफिस, शाळा, देशी किराणा आणि मुलीचा भरतनाट्यमचा क्लास. म्हणून सही करण्याआधी ट्रक घरी आणून गॅरेजमध्ये लावून बघा. मोठी केबिन आणि साडेपाच फुटी बेड असलेला एफ-१५० सुमारे १९ फूट ४ इंच लांब आहे. पार्किंगचे पट्टे बहुधा १८ फुटांचे असतात. नव्या घरांची गॅरेज २० फुटांची, त्यातले दोन फूट तांदळाच्या पोत्यांनी आणि फ्रीजरने आधीच खाल्लेले. माझ्या एका मित्राचा ट्रक गेली दोन वर्षं बर्फात बाहेर उभा आहे. सोसायटीचे नियमही वाचा; काही ठिकाणी ट्रेलर घरासमोर उभा करायला बंदी असते. न्यूयॉर्ककडे राहत असाल तर तिथल्या पार्कवेंवर ट्रेलर नेता येत नाही, हे रस्ता निवडताना लक्षात असू द्या.

ट्रक बघायला जाताना घरच्यांना न्या. मुलांच्या सीट घेऊन जा आणि खरोखर बसवून बघा. आई भारतातून आली की साडी नेसून तिला चढता येईल का, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारलाच नव्हता. तिने एकदा खालून वर बघितलं आणि म्हणाली, "यापेक्षा एस्टी बरी." दुसऱ्या ट्रकला साध्या, स्थिर पायऱ्या आणि खांबाला हाताची मूठ आहे. वजन थोडं, उपयोग मोठा.

साडेपाच फुटी बेड रोजच्या वापराला पुरतो. चार बाय आठच्या प्लायवूडच्या फळ्या वारंवार आणणार असाल तर साडेसहा फुटी घ्या. रिकामा बेड हलका असतो, त्यामुळे बर्फात मागची चाकं घसरतात. हिवाळ्यात वाळूची चार पोती आसाच्या वर ठेवली तर बरा फरक पडतो. चारही चाकांची ताकद बर्फासाठी आणि बोटीच्या निसरड्या उतारासाठी घ्या, पण तिच्या वजनाने पेलोड थोडा कमी होतो हे मान्य करून.

वापरलेला घेताना

हिचचं चौकोनी तोंड बघा. पिनेची भोकं लांबट झाली असतील तर या ट्रकने भरपूर ओढलं आहे, मालक काहीही म्हणो. सात पिनांचा प्लग उघडून हिरवा गंज बघा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेत का ते बघा. गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास असेल तर आभार मानून निघा. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यातला ट्रक असेल तर खाली वाकून चासीवर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. लाजायचं काही कारण नाही. गाडीचा कारखान्यातला क्रमांक (व्हीआयएन) एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी राहिलेले रिकॉल फुकट समजतात. ओढणारा ट्रक वाईटच असतो असं नाही. महामार्गावर बोट ओढणाऱ्या एखाद्या निवृत्त काकांचा ट्रक, तेलपाण्याच्या पावत्यांसकट, मी शहरात दामटलेल्या ट्रकपेक्षा आधी घेईन.

आणि वर्षातून एकदाच मोठं ओढायचं असेल तर तेवढ्या दिवसासाठी ट्रक भाड्याने घ्या. एका शनिवारसाठी तीनशे पासष्ट दिवस एफ-२५० सांभाळायचा हा हौसेचा मामला आहे, गरजेचा नाही.

पहिल्यांदा जोडल्यावर

रिकाम्या मैदानात एक सकाळ घालवा. मागे घेताना हात स्टीअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडेच हात सरकवा, डोकं चालवायची गरज नाही. सामानाचा साठ टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवा. साखळ्या जूखाली एकमेकींवर फुली करून लावा, म्हणजे जोड निसटलाच तर जू त्या झोळीत पडतं. ट्रेलर हलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवू नका. पाय पेट्रोलवरून काढा आणि ट्रेलरच्या ब्रेकची पट्टी हाताने हलकी दाबा.

मग भरलेला ट्रक, भरलेला ट्रेलर आणि सगळी माणसं घेऊन जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, जा. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. ताण देणाऱ्या दांड्या सैल सोडून एकदा, लावून एकदा, आणि बाजूला ट्रेलर सोडून ट्रक एकटा एकदा; चोवीस तासांच्या आत पुन्हा वजन करायला थोडेच पैसे पडतात. दांड्या सैल असतानाच्या पहिल्या दोन फळ्यांच्या बेरजेतून एकट्या ट्रकचं वजन वजा केलं की खरा टंग वेट हातात येतो. मागच्या आसाचं वजन दारावरच्या आसाच्या मर्यादेशी ताडून बघा.

ती पावती मी ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेली आहे. मिरवणुकीच्या सकाळी ट्रेलरचं दार लावताना कुणीतरी म्हणतंच, "अरे, अजून चार ढोल आणि जेवणाची पातेली बसतील की!" तेव्हा ती काढून त्याच्या हातात द्यायची.